बॅग भरण्याआधीच सावध व्हा: सहल आणि यात्रेतली फसवणूक टाळण्यासाठी सविस्तर मार्गदर्शन

प्रवासातली फसवणूक म्हटलं की अजूनही आपल्याला स्टेशनवरचा खिसेकापू आठवतो. त्याच्यासाठी आपण पैसे दोन-तीन ठिकाणी ठेवतो, आतल्या खिशाला पिन लावतो, आईला मंगळसूत्र पदराखाली घ्यायला सांगतो. ही काळजी घ्यायलाच हवी. पण हल्ली मोठी रक्कम जाते ती घरबसल्या, मोबाइलवर खोली किंवा तिकीट बुक करताना. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने भाविक आणि पर्यटकांसाठी खास इशारा काढला होता. केदारनाथचं हेलिकॉप्टर, चारधामच्या यात्रेकरूंसाठी हॉटेल आणि गेस्टहाउस, टॅक्सी, सहलींची पॅकेजेस या सगळ्यांच्या नावाने खोट्या वेबसाइट, फेसबुक पानं, व्हॉट्सअॅप खाती आणि सर्च इंजिनवरच्या जाहिराती चालू आहेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं.

म्हणून या लेखात बुकिंगला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. त्यानंतर पैसे देणं, वाटेतला प्रवास, देवस्थानं आणि शेवटी फसवणूक झालीच तर काय करायचं, असा क्रम आहे.

एक प्रश्न मात्र बहुतेक ठिकाणी लागू पडतो, तो आधीच सांगते: हे बोलणं सुरू कोणी केलं? तुम्ही स्वतः चौकशी करत गेलात, की समोरचा माणूस किंवा मेसेज तुमच्याकडे आला? तुम्ही निवडलेला रिक्षावाला, दुकानदार, गुरुजी किंवा हॉटेल बहुतेक वेळा सरळ निघतं. जो आपणहून जवळ येतो, बॅग उचलायला हात घालतो, ‘ताई, कुठे जायचंय?’ म्हणत मागे चालू लागतो, त्याच्याशी व्यवहार करण्याआधी थांबून चौकशी करावी. आपणहून आलेला प्रत्येक जण वाईट असतो असं नाही, पण प्रत्यक्ष प्रवासात फसवणारा बहुतेक वेळा आपणहूनच येतो. ऑनलाइन बुकिंगचं मात्र वेगळं, तिथे आपणच शोधत सापळ्यापर्यंत जातो.

खोली किंवा होमस्टे बुक करताना

आधी सापळा कसा लावतात ते समजून घ्या. तुम्ही हॉटेलचं नाव आणि ‘फोन नंबर’ असं शोधता. वर आलेला पहिला निकाल बऱ्याचदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. तिच्यावर ‘प्रायोजित’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ती ओलांडून तुम्ही नकाशावरच्या नोंदीकडे गेलात, तरी धोका संपत नाही. नकाशावरच्या नोंदीत बदल सुचवण्याची सोय कोणालाही असते आणि तिचा गैरफायदा घेऊन नंबर बदलला जातो. अशा वेळी हॉटेल खरं असतं, फोटो खरे असतात, शेकडो लोकांचे अभिप्रायही खरे असतात. खोटा असतो तो फक्त फोन नंबर. म्हणून अभिप्राय चांगले आहेत एवढ्यावर विसंबून त्या नंबरवर पैसे पाठवू नयेत. अभिप्राय हॉटेलबद्दल असतात, नंबरबद्दल नसतात.

दुसरा प्रकार बंगल्यांचा. लोणावळा, अलिबाग, गोवा इथल्या पोहण्याच्या तलावासकटच्या बंगल्याचे फोटो कुठून तरी उचलायचे, इन्स्टाग्रामवर पान उघडायचं आणि ऐन सुट्टीत सगळं भरलेलं असताना ‘एकच बंगला शिल्लक’ म्हणून निम्म्या भावात द्यायचा. पोचल्यावर कळतं, की गेटवरच्या राखणदाराला या बुकिंगचा पत्ताच नाही.

यावर पुढच्या क्रमाने तपासणी करा. सगळं मिळून अर्धा तास लागतो.

१. नंबर दोन वेगळ्या ठिकाणांहून मिळवा. नकाशावरचा नंबर, हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नंबर आणि एखाद्या मोठ्या बुकिंग ॲपवरची माहिती जुळते का बघा. जुळत नसेल तर त्या गावात जाऊन आलेल्या ओळखीच्या माणसाकडून नंबर घ्या. आपल्याकडे प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक ऑफिसात गुहागर किंवा तारकर्लीला जाऊन आलेलं कोणी ना कोणी असतंच.

२. फोटो उलटे शोधा. बंगल्याचा फोटो गूगल लेन्समध्ये टाका. तोच तलाव आणि तीच झाडं दुसऱ्याच नावाने दुसऱ्याच गावात दिसली, तर विषय तिथेच संपवा.

३. व्हिडिओ कॉल करायला सांगा. ‘आत्ता गेटपासून आतपर्यंत चालत दाखवा’ एवढं म्हणा. खरा मालक घरी नसेल तर संध्याकाळची वेळ देईल. भामटा मात्र रेंज नाही, साफसफाई चालू आहे, आधीचे पाहुणे आहेत अशी कारणं देत राहील आणि प्रत्येक कारणानंतर पैशाची आठवण करून देईल.

४. गावातले प्रश्न विचारा. एसटी स्टँडपासून किती लांब? गाडी अंगणापर्यंत येते का? जेवण घरचं आहे की बाहेर जावं लागेल? मासळीची थाळी केवढ्याला? कोकणातले अनेक चांगले होमस्टे वेबसाइटशिवाय, फक्त तोंडी कीर्तीवर चालतात. त्यामुळे वेबसाइट नाही म्हणून कोणावर संशय घेऊ नका. ज्याचं घर आहे तो असल्या प्रश्नांची उत्तरं न अडखळता देतो, उलट दोन गोष्टी जास्तच सांगतो.

५. खात्याचं नाव बघा. यूपीआयवर नंबर टाकला की पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं. मालकाचं किंवा हॉटेलचं नाव तिथे दिसायला हवं. वेगळंच नाव आलं तर ‘हे कोणाचं खातं?’ असं सरळ विचारा. ‘आमच्या अकाउंटंटचं’ हे उत्तर चालवून घेऊ नका. दुसरं खातं मागा किंवा व्यवहार सोडून द्या.

६. सगळी रक्कम आधी देऊ नका. छोट्या होमस्टेला थोडी आगाऊ रक्कम लागते आणि ती मागणं रास्त आहे, कारण लोक न सांगता रद्द करतात. पण ‘संपूर्ण रक्कम आत्ताच, म्हणजे वीस टक्के सूट’ असं कोणी म्हटलं तर सूट सोडा.

७. तारखा, खोल्या, दिलेली रक्कम, उरलेली रक्कम आणि रद्द केल्यास काय, हे सगळं मेसेजवर लिहून घ्या.

ॲपवरून बुकिंग केल्यानंतरही एक सापळा असतो. ‘तुमचं बुकिंग रद्द होईल, कार्ड पुन्हा पडताळा’ असा मेसेज येतो आणि सोबत लिंक असते. हॉटेलचं खातंच हॅक झालेलं असेल, तर असा मेसेज ॲपच्या आतल्या संवादातही येऊ शकतो. लिंक उघडू नका. ॲपमध्ये ‘माझी बुकिंग’ इथे जाऊन स्थिती बघा आणि हॉटेलला स्वतः फोन करा.

वेबसाइटचा पत्ता वाचायला शिका

ही एवढी एक सवय घरातल्या सगळ्यांना लावली तर पुष्कळ काही वाचेल. पत्त्यात ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’च्या लगेच आधी जे नाव असतं, ते मालकाचं नाव. त्याच्या आधी जोडलेले शब्द कोणीही काहीही लावू शकतो. उदाहरणार्थ, केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं बुकिंग ‘हेलियात्रा डॉट आयआरसीटीसी डॉट को डॉट इन’ या पत्त्यावर होतं. इथे ‘को डॉट इन’च्या आधी आयआरसीटीसी आहे, म्हणून ती आयआरसीटीसीची साइट. ‘आयआरसीटीसी-केदारनाथ-हेली डॉट इन’ असा आडव्या रेघांनी जोडलेला पत्ता मात्र कोणाचाही असू शकतो. सरकारी खात्यांच्या पत्त्यांचा शेवट सहसा ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असा असतो. महामंडळं आणि देवस्थानं यांचे पत्ते वेगळे असू शकतात. सोमनाथ ट्रस्टचा ‘सोमनाथ डॉट ऑर्ग’ आहे.

केदारनाथचंच उदाहरण पुढे नेते, कारण आपल्याकडून दरवर्षी मोठ्या संख्येने लोक जातात. गुप्तकाशी, फाटा आणि सिरसी इथून हेलिकॉप्टर सुटतात. बुकिंगसाठी आधी चारधाम यात्रेची नोंदणी झालेली असावी लागते. म्हणून जो माणूस नोंदणी क्रमांक न मागताच तिकीट ‘कन्फर्म’ करून देतो, त्याचं तिकीट खोटं समजा. बुकिंग खुलं झालं की जागा पटापट संपतात आणि त्या हुरहुरीवरच हे लोक जगतात. ‘आमच्याकडे कोट्यातली तिकिटं आहेत’ हे वाक्य ऐकलं की फोन ठेवा. तिकीट मिळालं नाही तर घोडा, डोली किंवा पायी हे पर्याय आहेतच. घोड्यासाठी गौरीकुंडला प्रीपेड काउंटर असतो, तिथूनच पावती घ्या.

देवस्थानांच्या भक्तनिवासांचंही तसंच. संस्थानाच्या स्वतःच्या साइटवर बुकिंग होत असेल तर तिथेच करा. काही संस्थानं ऑनलाइन बुकिंग करतच नाहीत, आल्यावर रांगेत खोली देतात. त्यांच्या नावाने कोणी ऑनलाइन पैसे मागितले तर उघडच खोटं आहे. संस्थानाच्या कार्यालयात एक फोन केला की खात्री होते.

रेल्वेचं तिकीट

१ जुलै २०२५ पासून तत्काळ तिकीट ऑनलाइन काढायला आधारने पडताळलेलं खातं लागतं. घरातल्या निदान दोघांची खाती आजच पडताळून ठेवा, म्हणजे ऐन वेळी एजंटाच्या दारात जावं लागणार नाही. वैयक्तिक खात्यावरून काढलेली तिकिटं धंदा म्हणून विकणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४३ खाली गुन्हा आहे. असं तिकीट रद्द झालं तर तुमचा प्रवास बुडतो आणि पैसे परत मागायला जागा राहत नाही. अधिकृत एजंटाकडून घेतलं तरी पीएनआर स्वतः तपासा, नावं आणि वय नीट बघा. वेटिंगच्या तिकिटावर ‘गाडीत बसा, आतून जमवतो’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. स्लीपर आणि एसी डब्यात वेटिंग तिकीट चालत नाही.

गाडीत कोणी जास्तीचे पैसे मागितले तर पावती मागा. तिकीट तपासनीस पैसे घेतो तेव्हा पावती देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. शंका आली तर १३९ वर फोन करा किंवा रेलमदत ॲपवर तक्रार टाका.

परताव्याच्या नावाने येणारे फोन वेगळेच. गाडी रद्द झाली की चिडलेले लोक समाजमाध्यमावर पीएनआर आणि फोन नंबरसकट तक्रार लिहितात. थोड्या वेळात ‘रेल्वेतून बोलतोय’ असा फोन येतो. परतावा तिकीट काढलेल्या खात्यातच येतो, त्यासाठी कोणाला ओटीपी द्यावा लागत नाही. तिकिटाचा फोटो किंवा पीएनआर सार्वजनिक ठिकाणी टाकूच नका.

आणि जुनी गोष्ट, जी अजूनही घडते: सहप्रवाशाने दिलेला चहा, बिस्किटं किंवा प्रसाद. लांबच्या गाडीत गुंगीचं औषध घालून लुटल्याचे प्रकार थांबलेले नाहीत. ‘आत्ताच जेवलो’ म्हणून नमस्कार केला तर कोणाचा अपमान होत नाही.

ग्रुप टूर आणि पॅकेज

ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, सोसायटी यांच्यामार्फत जाणाऱ्या सहलींबद्दल मला मनापासून काळजी वाटते. तिथे एकाच्या शब्दावर तीस-चाळीस जण पैसे देतात आणि प्रत्येकाला वाटतं, की दुसऱ्याने चौकशी केली असेलच. रक्कम देण्याआधी कोणा एकाने एवढं करावं. कंपनीच्या ऑफिसात प्रत्यक्ष जावं. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तिचा नोंदणी क्रमांक टाकून नाव आणि पत्ता जुळतो का बघावं. मागच्या वर्षी गेलेल्या दोन ग्राहकांशी बोलावं आणि त्यांचे नंबर कंपनीने दिलेले नसावेत. पैसे कंपनीच्या नावाच्या खात्यात भरावेत, संचालकाच्या वैयक्तिक खात्यात नाहीत. विमानाची तिकिटं हातात आल्यावर पीएनआर विमान कंपनीच्या साइटवर तपासावा, आणि निघण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा एकदा तपासावा. तात्पुरत्या राखून ठेवलेल्या जागेचा पीएनआर सुरुवातीला खरा दिसतो आणि नंतर नाहीसा होतो.

पॅकेजमध्ये काय नाही, हे लेखी घ्या. काश्मीरला याचा हमखास अनुभव येतो. श्रीनगरहून आलेल्या गाडीने पहलगाममधल्या आरू, बेताब व्हॅली किंवा चंदनवाडीला जाता येत नाही, तिथल्या युनियनची गाडी घ्यावी लागते. हा तिथला नियम आहे, चालकाची लबाडी नाही. लबाडी असते ती ‘सगळं समाविष्ट’ म्हणून पॅकेज विकणाऱ्याची. पहलगामच्या गाड्या, गुलमर्गचा गोंडोला (केबल कार) आणि घोडे यांचा खर्च कोणाचा, हे आधी विचारा. गोंडोलाचं तिकीट केबल कार महामंडळाच्या साइटवर घरूनच काढता येतं.

पैसे देताना

यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा खात्यातली शिल्लक बघताना लागतो. पैसे घेताना पिन कधीही लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. ‘परताव्यासाठी हा कोड स्कॅन करा’ असं कोणी म्हटलं, की तो तुमच्या खात्यातून पैसे काढतो आहे.

फोनवर कोणी ॲप डाउनलोड करायला सांगितलं, तर करू नका. व्हॉट्सअॅपवर आलेली ‘बुकिंग पावती’ ही एपीके फाइल असेल, तर ती पावती नव्हे, तुमचे मेसेज वाचणारं ॲप असतं. पावती पीडीएफ किंवा फोटोच्या रूपात येते. स्क्रीन शेअर करायला सांगणारा माणूस तुमचा ओटीपी बघायला बसलेला असतो.

सहलीसाठी वेगळं छोटं खातं ठेवा आणि यूपीआय त्यालाच जोडा. त्यात रोजच्या खर्चापुरतीच रक्कम ठेवा. कार्डाची ऑनलाइन, स्पर्शविरहित आणि परदेशी व्यवहारांची मर्यादा बँकेच्या ॲपमधून कमी करता येते, तीही करून ठेवा. दुकानात क्यूआर स्कॅन केल्यावर आलेलं नाव दुकानदाराला मोठ्याने वाचून दाखवा. वर चिकटवलेल्या दुसऱ्याच कोडची चोरी त्यामुळे लगेच उघड होते आणि दुकानदारही आभार मानतो.

गाडी, रिक्षा आणि रस्ता

नव्या शहरात उतरलात की स्टेशनच्या दारात वाट अडवणाऱ्यांना ओलांडून प्रीपेड काउंटरवर जा किंवा ॲपवरून गाडी बोलवा. प्रीपेडची चिठ्ठी मुक्कामाला पोचल्याशिवाय चालकाच्या हातात देऊ नका. ती दिली, की त्याचं भाडं तुमच्याकडून सुटलं. ‘तुमचं हॉटेल बंद पडलं’, ‘त्या भागात दंगल आहे’, ‘रस्ता खणलाय’ अशी बातमी चालकाकडून आली, तर गाडीतूनच हॉटेलला फोन करा. दुसऱ्या हॉटेलकडून मिळणाऱ्या कमिशनसाठी ही बातमी तयार केलेली असते. ‘आज ताजमहाल बंद आहे’ हेही त्यातलंच. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. बाकीच्या दिवशी कोणी असं म्हटलं, तर तो तुम्हाला दुकानात नेणार आहे.

गोव्यात भाड्याने दिली जाणारी दुचाकी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची असते. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. पोलिसांनी अडवलं किंवा अपघात झाला तर भुर्दंड तुमच्या माथी. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, जुने ओरखडे त्यात दिसू द्या, आणि मूळ आधार कार्ड गहाण ठेवू नका.

स्वतःच्या गाडीने जात असाल तर पेट्रोल पंपावर खाली उतरून आकडा शून्य आहे का ते बघा. मापाबद्दल शंका आली तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासून दाखवायला सांगण्याचा ग्राहकाला हक्क आहे. ‘चाकातून धूर येतोय’, ‘ऑइल गळतंय’ असं सांगत शेजारून जाणारा दुचाकीस्वार दिसला, तर तिथे थांबू नका, पुढच्या पंपावर किंवा ढाब्यावर थांबून बघा. फास्टॅगचा वार्षिक पास राजमार्गयात्रा ॲपवर आणि महामार्ग प्राधिकरणाच्या वेबसाइटवरच मिळतो. तो राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांपुरता आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग राज्याचे, तिथे तो चालत नाही. ‘सगळीकडे चालतो’ म्हणून पास विकणाऱ्यापासून लांब राहा.

मालवण-तारकर्लीला पावसाळ्यात स्कूबा आणि बाकीचे जलक्रीडा प्रकार बंद असतात. जुलैतल्या तारखेसाठी कोणी आगाऊ पैसे घेत असेल, तर त्यातच उत्तर मिळालं.

देवस्थानाच्या गावात

इथे माणूस सगळ्यात हळवा असतो आणि भांडायला तयार नसतो. भामट्यांना हे ठाऊक असतं.

शिर्डीत गाडी शिरताच दुचाकीवरून पाठलाग करणारे, पार्किंग दाखवतो म्हणून एका ठरावीक दुकानापर्यंत नेणारे लोक भेटतात. गावात त्यांना पॉलिशवाले म्हणतात. दुकानात हार-प्रसादाचं ताट आधी हातात देतात आणि किंमत नंतर सांगतात. ताट हातात घेण्याआधी भाव विचारा, आणि तो पटला नाही तर चप्पल तिथे न काढता पुढे जा. चप्पल एकदा काढली की माणूस अडकतो. ‘व्हीआयपी दर्शन करून देतो’ म्हणणारे प्रत्येक मोठ्या देवस्थानात असतात. अनेक ठिकाणी सशुल्क दर्शनाची सोय संस्थान स्वतः करतं. ते पैसे संस्थानाच्या खिडकीवर किंवा साइटवर भरा आणि पावती घ्या.

प्रयाग, काशी, गया या त्रिस्थळी यात्रेला जाणाऱ्यांनी दोन गोष्टी आधीच पक्क्या कराव्यात. पहिली नावेची. संगमावर नाव ठरवताना माणशी किती, की पूर्ण नावेचे किती, जाऊन-येऊन की फक्त जायचे, हे सगळं काठावरच स्पष्ट करा. पाण्यात गेल्यावर भाव वाढवला तर ठरलेलीच रक्कम सांगत राहा आणि पैसे परत काठावर आल्यावरच द्या. प्रशासनाने लावलेला दरफलक असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा.

दुसरी संकल्पाची. हातात पाणी आणि फूल दिलं जातं, मंत्र सुरू होतात आणि मधेच ‘म्हणा, मी पाच हजार एक रुपये दान करीन’ असं वदवून घेतलं जातं. आई-वडिलांच्या नावाने चाललेला विधी अर्ध्यावर कसा सोडायचा, या भीतीने लोक पैसे देतात. हातात पाणी घेण्याआधी विचारा: विधीची दक्षिणा, सामान आणि ब्राह्मणभोजन मिळून एकूण किती? ते कागदावर लिहून घ्या. विधी चालू असताना नवा आकडा आला तर शांतपणे म्हणा, ‘गुरुजी, यथाशक्ती दक्षिणा देईन.’ यथाशक्ती हा शब्द शास्त्रातलाच आहे, त्याने संकल्प अपुरा राहत नाही. आपल्या घराण्याचे क्षेत्रोपाध्ये, म्हणजे तीर्थक्षेत्रातले पिढीजात पुरोहित, शोधत असाल, तर त्यांच्याकडे नामावळीच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगून आपल्या पूर्वजांची नोंद दाखवायला सांगा. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीसाठी जाणाऱ्यांनीही वेबसाइटवरच्या ‘अधिकृत’ या शब्दावर न जाता तिथल्या पुरोहित संघाकडे गुरुजींच्या नावाची खात्री करावी.

काशीत मणिकर्णिका घाटावर कोणी आपणहून माहिती सांगायला लागला, की शेवटी गरिबांच्या दहनाच्या लाकडांसाठी दान मागतो आणि किलोचा भाव सांगतो. दान करायचंच असेल तर नोंदणीकृत संस्थेला पावती घेऊन करा.

आता तोतया पोलिसांबद्दल, कारण यात आपल्या आयांचे आणि आज्यांचे दागिने जातात. देवळाच्या रस्त्यावर किंवा एसटी स्टँडजवळ एक-दोन जण साध्या वेषात येतात, ओळखपत्र झटकन दाखवतात. ‘पुढे चोरी झाली आहे, साहेब तपासणी करतायत, दागिने काढून रुमालात बांधा’ असं सांगतात. तेवढ्यात त्यांचाच तिसरा साथीदार वाटसरू बनून येतो आणि स्वतःची चेन काढून देतो, म्हणजे आजींना खरं वाटतं. मदत म्हणून ते स्वतः पुडी बांधून देतात. घरी आल्यावर त्यात दगड किंवा खोटे दागिने निघतात. पोलिस रस्त्यात कोणाला दागिने काढायला सांगत नाहीत. हे वाक्य घरातल्या ज्येष्ठांना निघण्याआधी सांगा आणि उत्तरही पाठ करून घ्या: ‘चला, पोलिस ठाण्यात जाऊन काढते.’ मोठ्याने बोलायचं, जवळच्या दुकानात शिरायचं आणि ११२ लावायचा.

खरेदी

चालकाने किंवा गाइडने नेलेल्या दुकानात त्यांचं कमिशन तुमच्या बिलात असतं. केशर, पश्मिना, संगमरवर, सिल्क आणि रत्नं यांतलं तुम्हाला कळत नसेल, तर सहलीच्या घाईत महागडी खरेदी करू नका. ‘घरपोच पाठवतो’ म्हटल्यावर वस्तूचा फोटो काढा, तिच्यावर सही करा आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या. हॉटेलच्या बिलात सेवा शुल्क लावलं असेल तर ते काढायला सांगा. ते सक्तीने घेता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये कायम केलं.

फसवणूक झालीच तर

पहिला तास सगळ्यात मोलाचा. कोण चुकलं यावर घरात बोलणी नंतर होऊ द्या. ज्याच्या हातून पैसे गेले त्याला रागावलात, तर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही आणि वेळ हातातून जाईल. लगेच हे करा.

१९३० वर फोन करा. ही राष्ट्रीय सायबर मदतवाहिनी आहे. पैसे ज्या खात्यात गेले त्या खात्याच्या बँकेला कळवून ती रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवण्याचा प्रयत्न तिथून होतो. फोन लागला नाही तर ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या पोर्टलवर तक्रार नोंदवा. हाताशी ठेवा: व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक, तारीख आणि वेळ, रक्कम, तुमची बँक, समोरच्याचा नंबर आणि यूपीआय आयडी. मेसेज आणि चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट काढा.

त्याच वेळी बँकेच्या मदतवाहिनीवर कळवून कार्ड आणि यूपीआय बंद करा आणि तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ग्राहकाने कळवल्यानंतर अनधिकृत व्यवहारात जाणाऱ्या रकमेची जबाबदारी बँकेवर येते. म्हणूनच, तुमच्याकडून पिन दिला गेला असला तरी लगेच कळवायचं.

पोलिसांकडे जाताना ‘गुन्हा दुसऱ्या गावात घडला, तिकडेच जा’ असं ऐकून परत येऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलिस ठाण्यात देता येते. वाराणसीत पैसे गेले आणि तुम्ही साताऱ्याला परत आलात, तर साताऱ्यातच तक्रार द्या. प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. हॉटेल किंवा टूर कंपनीने ठरलेली सेवा दिली नाही, एवढंच असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे. पर्यटन मंत्रालयाची १३६३ ही मदतवाहिनी चोवीस तास चालू असते. फोनच चोरीला गेला असेल तर संचारसाथी या सरकारी पोर्टलवर आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख) क्रमांक देऊन तो बंद करता येतो. हा क्रमांक निघण्याआधी घरी लिहून ठेवा.

गोठवलेली रक्कम परत मिळायला वेळ लागतो. त्यासाठी १९३० कडून मिळालेला तक्रार क्रमांक, बँकेचा अर्ज आणि पोलिसांची प्रत एकाच ठिकाणी जपून ठेवा आणि दर थोड्या दिवसांनी ठाण्यात जाऊन विचारत राहा. या काळात ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले, सोडवायला फी भरा’ असे फोन येतात. एकदा फसलेल्यांच्या याद्या भामट्यांमध्ये विकल्या जातात आणि त्यांनाच पुन्हा गाठलं जातं. पैसे परत देण्यासाठी पोलिस, बँक किंवा न्यायालय कोणालाही फोनवर फी भरायला सांगत नाही. असा फोन आला तर त्याचीही तक्रार जुन्याच क्रमांकाचा उल्लेख करून १९३० वर नोंदवा.